ऊर्जानगरात मत कुणाचे विचारणार?

केंद्र सरकारने २०२० साली १११ शहरांचा ‘जगण्याच्या सुलभतेचा’ निर्देशांक काढला. त्यात नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन होते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रालगतचे ऊर्जानगर त्या यादीत नव्हते. जनगणनेच्या नोंदीत ते शहर असले तरी लहान गावांचे मत दिल्लीला कशाला हवे?

उद्या असे सर्वेक्षण इथे झालेच, तर प्रश्नावली कोणत्या दारात जाणार, हा आमचा सवाल आहे. क्वार्टरमधला कायम कर्मचारी पाणी, रस्ते, शाळा यावर मत देईल. ते जरूर घ्यावे. पण ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराचे काय? ठेकेदारीत ना आरक्षण, ना उद्याची शाश्वती. तो ठेकेदाराच्या माणसासमोर खरे बोलेल काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला, पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला मारले. रात्रपाळीहून पायी परतणाऱ्याची भीती कोणत्या रकान्यात लिहिणार?

पर्यावरणाची जनसुनावणी आहे ना, असे अधिकारी म्हणतील. पण २००६ च्या अधिसूचनेनुसार तिला गणपूर्तीची अटच नाही! रिकाम्या मंडपातही ती कायदेशीर ठरते.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ साली विजेचा प्रश्न गरिबी हटवण्याशी जोडला होता. म्हणून आमची मागणी साधी आहे: वस्त्यांमध्ये घरोघरी जा, नाव न लिहिता मत घ्या, कायम आणि ठेका कामगारांचे आकडे वेगळे मांडा आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा.