शुद्धलेखनाच्या वहीत हरवलेले लेखन

मराठी शाळेत लेखनाच्या अभ्यासाला फार जुने नाव आहे : शुद्धलेखन. पाठ्यपुस्तकातील दहा ओळी वळणदार अक्षरांत उतरवून आणायच्या, बाईंनी खाली सही करायची, की त्या दिवसाचे लेखन झाले. या नावात शुद्धता आहे, लेखनही आहे. लिहिणाऱ्या मुलाला काय सांगायचे आहे, याला मात्र जागा नाही. गोव्यातील प्राथमिक शिक्षणाची चर्चा पटसंख्या, विलीनीकरण आणि माध्यम या तीन शब्दांभोवती फिरत असताना या वहीकडे क्वचितच कोणी वळून पाहते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्यवर्ष २०२६-२७ आहे. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे त्याचे सर्वपरिचित उद्दिष्ट. लेखनाविषयीच्या अपेक्षाही अभियानाच्या कागदपत्रांत आहेत. पण त्यांना असा ठसठशीत आकडा नाही, आणि ज्याला आकडा नाही ते आढावा बैठकीत सहसा विचारले जात नाही. डिसेंबर २०२४ मधील ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीच्या मुलांसमोर बहुपर्यायी प्रश्न ठेवले गेले. ‘असर’च्या भाषा चाचणीत मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचू शकते, हे पाहिले जाते. ही मोजणी उपयुक्तच आहे. तथापि मुलाला स्वतःच्या मनातील चार वाक्ये कागदावर मांडता येतात का, हा प्रश्न तिच्यातून निसटतो. पायाभूत स्तरासाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मात्र मौखिक भाषा, शब्दओळख आणि वाचन यांच्या बरोबरीने लेखनाला स्थान देतो. कागदावरची ही बरोबरी वर्गात उतरलेली नाही.

त्याचे खापर शिक्षकांवर फोडणे सोपे आहे. गोव्यातील अनेक सरकारी प्राथमिक शाळा एकशिक्षकी आहेत. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत, समोर एकच शिक्षिका. पहिलीला बाराखडी द्यायची, तर उरलेल्या तीन वर्गांना गुंतवून ठेवायला हवे. त्यासाठी फळ्यावरचे उतरवून घेणे हा हुकमी उपाय ठरतो. वर्ग शांत राहतो, वही भरते, पालकांना अभ्यास झालेला दिसतो. गंमत अशी की ज्या शाळेत जेमतेम बारा-पंधरा मुले आहेत, तिथेच प्रत्येक मुलाचे लिखाण शांतपणे वाचणे शक्य असते. पन्नास मुलांच्या खासगी वर्गाला ती चैन परवडणारी नाही.

गोव्यापुरता यात आणखी एक पेच आहे. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या मुलीची घरची बोली कोकणी, शाळेची भाषा मराठी, लिपी दोन्हींची देवनागरी. चवथीविषयी लिहायला सांगितले तर ती लिहील, ‘घरांत माटोळी बांदली. आज्यान फागलां हाडलीं.’ या दोन छोट्या वाक्यांत एक घर आहे, एक आजोबा आहेत, रानातून आणलेली फळे आहेत. वहीवर मात्र लाल शाईची वर्तुळे उमटतात : अनुस्वार नको, ‘बांदली’ नव्हे ‘बांधली’, ‘हाडलीं’ नव्हे ‘आणली’. पुढच्या वेळी ती मुलगी शहाणी होते आणि गाईडमधला निबंध पाठ करते. त्या निबंधात उकडीचे मोदक असतात. नेवऱ्या, पातोळ्या आणि माटोळी नसते. (गाईडमधल्या गावातून नेहमी एक नदी खळाळत वाहते, हेही पाहण्यासारखे आहे.)

प्रमाण मराठी शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. चौथी सोडताना मुलाला ती यायलाच हवी. प्रश्न क्रमाचा आहे. मुलाने आधी सांगावे, शिक्षकाने ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे, मुलाने ते वाचावे आणि मग स्वतः दोन ओळी जोडाव्यात, हा मार्ग भाषाशिक्षणात परिचित आहे. ‘बांदली’च्या शेजारी ‘बांधली’ लिहून दोन्ही मोठ्याने म्हणवून घेतले, तर मुलाला दोन भाषांतला फरक कळतो; नुसत्या वर्तुळाने एवढेच कळते की आपले घर चुकीचे बोलते. चुकाही एकाच वेळी सगळ्या दाखवण्याची गरज नसते. या आठवड्यात पूर्णविराम पाहिला, तर ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकते. महाराष्ट्रात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या कामातही वर्णमालेच्या घोकंपट्टीपेक्षा मुलांच्या बोलण्याला आणि अर्थपूर्ण शब्दांना महत्त्व होते.

माध्यमाचा वाद इथेच येऊन भिडतो. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना २०११ मध्ये अनुदानाचे दार उघडले, त्यानंतर मराठी शाळांची बाजू प्रामुख्याने अस्मिता आणि संस्कृती यांच्या आधारे मांडली गेली. रस्ते गाजले, तरी पालक आपली मुले इंग्रजीकडे नेतच राहिले. या शाळांपाशी एक व्यावहारिक बलस्थान होते व आहे : सात वर्षांच्या मुलाला ज्या भाषेत विचार सुचतो, तिच्या सर्वांत जवळच्या लिखित भाषेत तो मांडण्याची संधी. पण मराठी शाळेतील मूलही चार वर्षे उताराच करणार असेल, तर इंग्रजीतून उतारा करणारे शेजारचे मूल पालकांना पुढे गेलेले वाटणारच. उतारा करायचाच, तर तो इंग्रजीतून का नको, या पालकाच्या प्रश्नाला मराठी शाळेकडे आज उत्तर नाही.

यासाठी नव्या योजनेची गरज नाही. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक आणि आहे त्या शिक्षकाला माहिती भरण्याच्या कामातून सुटलेला रोजचा अर्धा तास, एवढी मागणी मात्र रास्त आहे. तोवर शाळाभेटीला आलेल्या निरीक्षकांनी निदान वह्या चाळताना कुठल्याच पुस्तकात न सापडणारे एक पान मागावे.