एपिमॉर्फिन: 'मानवी प्रथिन' म्हटलं की ते औषध होतं का?

मुंबई असो की रायगडमधलं पाली, त्वचा आणि केसांसाठी 'रिकॉम्बिनंट प्रथिना'ची जाहिरात आता प्रत्येक मोबाइलवर येते. यातलंच एक नाव समजून घेऊ: एपिमॉर्फिन.

हे प्रथिन करतं काय?
1992मध्ये जपानी संशोधकांना ते उंदराच्या भ्रूणात सापडलं. ते रोखल्यावर केसांच्या मुळांची आणि फुप्फुसाच्या अस्तराची घडण बिघडली. पुढे कळलं, हेच प्रथिन पेशीच्या आत 'सिंटॅक्सिन-2' म्हणून काम करतं, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म पिशव्या पटलाशी जोडायला मदत करतं.

रिकॉम्बिनंट म्हणजे?
एखादं जनुक जिवाणूत किंवा दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं. ही फक्त बनवण्याची पद्धत आहे, गुणाची हमी नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा?
पुण्याच्या सीरमची कोव्होव्हॅक्स लसही रिकॉम्बिनंट प्रथिनाचीच. पण माणसांवरच्या चाचण्यांनंतर तिला डिसेंबर 2021मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. प्रयोगशाळांसाठी विकलं जाणारं एपिमॉर्फिन मात्र केवळ संशोधनासाठी असतं. उंदरांच्या स्तनग्रंथीत ते जास्त बनू लागलं, तेव्हा पेशींची अतिवाढ आणि कर्करोगही दिसला.

म्हणून जाहिरात पाहिली की एकच विचारा: चाचणी कोणावर झाली?