सुरक्षा हवीच, पण हिशेबही द्या



परवा वस्तीत पाण्याच्या प्रश्नावर निवेदनासाठी सह्या घेत होतो. शेवटच्या ओळीत मोर्चाचा इशारा होता. कॉलेजात जाणारा एक पोरगा पेन हातात घेऊन थांबला. म्हणाला, "दादा, उद्या पोलीस घरी येणार नाहीत ना?"

पाणी मागणाऱ्याच्या मनात ही भीती कुठून आली?

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कारण दिलं नक्षलवादाचं. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदलही झाले. पण 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दांची व्याख्या सैलच राहिली. कायदा न पाळण्याची चिथावणी देणारं बोलणंही त्यात बसतं. ती चिथावणी होती की टीका, हे आधी ठरवणार सरकारच! गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

हिंसा आमचा मार्ग नाही, आम्ही बुद्धाच्या वाटेने चालणारे. गडचिरोलीतल्या आदिवासीलाही सुरक्षा हवी आणि पोलीस शिपायालाही. प्रश्न सुरक्षेचा नाही, जबाबदारीचा आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्थैर्य की जबाबदारी, हा प्रश्न उघडपणे घेतला होता. दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत हे सांगून त्यांनी जबाबदारीला झुकतं माप दिलं. सरकारची परीक्षा पाच वर्षांनी एकदाच नव्हे, रोज व्हावी, म्हणून संसदीय लोकशाही.

काही जण म्हणतील, बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सत्याग्रहाला अराजकाचं व्याकरण म्हटलं होतं. बरोबर आहे. पण सनदशीर मार्ग खुले असताना, ही अट त्यांनीच घातली होती. मग ते मार्ग खुले ठेवणं कुणाचं काम? निवेदन, सभा, मोर्चा यांवरच संशय घेणारं सरकार ती अट स्वतःच मोडतं.

पेगॅसस प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दरवेळी मोकळीक मिळणार नाही.

विश्वास हुकमाने मिळत नाही, हिशेब दिल्याने मिळतो. म्हणून आपल्या आमदाराला विचारा : विधेयकाची व्याख्या वाचली होती का? सभागृहात काय बोललात?

त्या पोराने शेवटी सही केली. त्याच्या सहीला धक्का लागणार नाही, याची हमी सरकारने द्यायची आहे. आणि ती मागायची आहे आपण.

जय भीम! जय संविधान!