ती नुसती बाग नाही, जमिनीची लढाई आहे

ब्लॅक पँथर म्हटले की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर काळी टोपी, कातडी जाकीट आणि बंदूक येते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच प्रेरणेने, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच अमेरिकेत कृष्णवर्णीय बायांनी हातात कुदळ घेऊन जी लढाई केली, ती आमच्या भाषणांत नाही, पोस्टरवर नाही. का नाही? कारण चळवळीलाही बाईचे काम दिसत नाही. हे आधी कबूल करू.

मिसिसिपीच्या फॅनी लू हॅमर कापसाच्या मळ्यावर राबत होत्या. १९६२ साली त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या आणि मळेमालकाने त्यांना घराबाहेर काढले. हक्क मागणाऱ्याची भाकरी तोडायची, ही रीत आपल्याला नवी आहे का? गावकीचा बहिष्कार म्हणजे दुसरे काय असते? १९६९ मध्ये हॅमरबाईंनी ४० एकरांवर 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू केली. हिशोब सरळ होता: मत मालकाच्या ताब्यातून सोडवायचे तर पोटही सोडवावे लागेल.

हाच हिशोब शहरांतही चालला. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या. तिथे कर्ज बुडेल, असा त्याचा अर्थ. आधी बँकांनी पाठ फिरवली, पुढे चांगली दुकानेही गेली. अशा वस्त्यांना तज्ज्ञ 'अन्नाचे वाळवंट' म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९८८ पासून 'गार्डन ऑफ हॅपिनेस' उभी करणाऱ्या कॅरन वॉशिंग्टन हा शब्द नाकारतात. त्या म्हणतात, हा अन्नाचा वर्णभेद आहे. बरोबरच आहे. वाळवंट निसर्ग करतो. ही उपासमार माणसांनी आखलेली आहे. आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर निसर्गाने वसवल्या नव्हत्या!

पण नुसत्या बागेच्या प्रेमात पडू नका. कचऱ्याने भरलेले प्लॉट लोकांनी साफ केले, तिथे भाजी पिकवली, आणि १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रशासनाने शंभरावर बागा लिलावात काढल्या. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी दोन संस्थांनी जमिनी विकत घेतल्या म्हणून त्या बागा वाचल्या. डेट्रॉइटमध्ये २०१२ साली नगर परिषदेने एका श्रीमंत गुंतवणूकदाराच्या कंपनीला सुमारे दीड हजार प्लॉट विकायला मंजुरी दिली. त्याच शहरात वर्षानुवर्षे माती कसणाऱ्या कृष्णवर्णीयांना मात्र मालकीसाठी झगडावे लागते. म्हणूनच २०२० मध्ये तिथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जमीन घेऊन देणारा निधी उभा राहिला. घाम आपला आणि सातबारा दुसऱ्याचा, हे तिथेही चालते.

काही मित्र विचारतील, 'बाबासाहेबांनी गाव सोडा सांगितले, मग पुन्हा मातीत हात कशाला?' मित्रांनो, बाबासाहेबांनी गुलामी सोडायला सांगितले, जमिनीवरचा हक्क नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती सामूहिक पद्धतीने कसण्याची मागणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीन लढले, तुरुंगात गेले. त्यात बायाही होत्या, कडेवर लेकरे घेऊन.

जात आणि वर्ण एकच नव्हेत, तिथली नक्कल इथे चालणार नाही. पण तीन गोष्टी शिकता येतात. वस्तीतले पोरगे काय खाते, हा राजकारणाचा प्रश्न आहे. तो प्रश्न रोज सोडवणारी बाई ही कार्यकर्ती आहे, तिला जयंतीच्या मंडपात फक्त स्वयंपाकाला बोलावू नका, निर्णयाच्या बैठकीत बसवा. आणि गायरानाचा असो की वस्तीतल्या मोकळ्या प्लॉटचा, कागद मिळेपर्यंत लढा थांबवू नका.

जय भीम!