नावेचा दोर सोडण्याआधी

मैत्रिणींनो, ८ ऑगस्ट २०१९ ला कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली. नावेत जास्त माणसं बसलेली. बुडाल्या त्यांत बऱ्याच बायका होत्या, लहान मुलंही. पुराच्या घाईत नियम कोण बघणार, असं आपण म्हणतो. पण एरवी तरी कुठं बघतो? साताऱ्याकडं बामणोलीला, कोयनेच्या शिवसागरात लाँचमध्ये बसताना जॅकेट हातात दिलं, तर साडी चुरगळते म्हणून मांडीवर ठेवणाऱ्या आपणच. "सरका गं, अजून एकजण मावेल," हेही आपलंच! धक्क्यावर किती माणसं बसवायची याची पाटी हवी. आणि डोकी मोजल्याशिवाय नावेचा दोर सुटणार नाही, हे बघायला ग्रामपंचायतीचा माणूस हवा. येत्या ग्रामसभेत विषय काढाच. नावाडी रागावेल, रागावू दे.