आजीची सही



एप्रिल आला की इथे अमेरिकेत कॉलेजच्या मुलांच्या संशोधन-परिषदांचा हंगाम सुरू होतो. ही प्रथा तशी फार जुनी नाही. एमआयटीने १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घ्यायला सुरुवात केली, आणि १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलला पहिली राष्ट्रीय परिषद भरली. आता बऱ्याच विद्यापीठांत असा एक दिवस असतो.

आपली मंडळी जातात ती आपल्या मुलाच्या पोस्टरपर्यंत. फोटो काढायचा, आणि मग ठरलेला प्रश्न: "नंबर काढतात का?"

यंदा ओळखीतल्या एका मुलीचं पोस्टर पाहायला गेलो होतो. मेजर बायॉलॉजी, पुढे मेडिकलचा विचार, आणि विषय काय, तर साताऱ्याकडच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या! "याचा एमकॅटला उपयोग काय?" असं वडील मला हळूच म्हणाले. (हळूच म्हणजे तिला ऐकू जाईल इतपत.)

पण काम पक्कं होतं. उन्हाळ्यात गावी जाऊन तिने चाळीस ओव्या रेकॉर्ड केल्या. तिच्या प्राध्यापिकेने आधी आजीची लेखी संमती आणायला सांगितली. आजी म्हणाली, "सही कशाला गं? मी काय कर्ज काढतेय?" मग सगळं नीट समजावून घेतलं, सही केली आणि सासूवरच्या दोन ओव्या काढून टाकायला लावल्या. पोस्टरवर अडतीसच होत्या, आणि दोन का गाळल्या तेही स्पष्ट लिहिलं होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'परी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या येतायत. हिने आजीच्या ओव्या तिथे शोधल्या. काही सापडल्या, फक्त गावाचं नाव वेगळं! केमिस्ट्रीच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, मग आजीची स्वतःची ओवी कुठली? ती म्हणाली, "ते सांगता येणार नाही. आजीलाही सांगता आलं नाही." आणि ओवी एका बाईकडून दुसरीकडे जाताना कशी बदलते, हे तिने दहा मिनिटं उभ्याउभ्या समजावलं. विसाव्या वर्षी मला हे जमलं नसतं.

शेजारीच एका मुलाचा जिवाणूंचा प्रयोग होता, सपशेल फसलेला. गोषवारा महिनोन्‌महिने आधी द्यावा लागतो, त्यात त्याने वेगळीच आशा दाखवली होती. पोस्टरवर मात्र जे निघालं तेच छापलेलं. त्याच्यापुढेही गर्दी होती.

असो. तुमच्या गावच्या विद्यापीठात हा दिवस कधी असतो ते पाहून ठेवा, मुलं तिथे शिकत नसली तरी. जिथे जिथे मी गेलो तिथे प्रवेश फुकट होता. पार्किंगला मात्र अर्धा तास धरून चाला.