पाहुण्या मुलाचा खर्च

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावीही आता लहान मुलांचे वाढदिवस ‘थीम’ ठरवून साजरे होऊ लागले आहेत. कधी दिवाणखान्यात जंगल अवतरते, तर कधी छोटा भीमचे ढोलकपूर. फुग्यांची कमान, त्याच चित्राचा केक, त्याच रंगाचे कपडे आणि निघताना प्रत्येक पाहुण्या मुलाच्या हाती एखादी वस्तू. हे सारे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आहे, असा जुन्या पिढीचा ठरलेला अभिप्राय असतो. अभिप्राय सोपा आहे. पण तो खरा नाही.

आपले बोरन्हाण हा तरी दुसरा कोणता प्रकार आहे? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत बाळाला काळे झबले घालावयाचे, हलव्याचे दागिने चढवावयाचे, मुकुट आणि बासरी देऊन त्याचा कृष्ण करावयाचा आणि डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतावयाचे. विषय ठरलेला, वेष ठरलेला, सजावटही ठरलेली. मात्र ओतावयाचा बहुतेक जिन्नस त्या ऋतूत शिवारातच मिळे, आणि वेष केवळ उत्सवमूर्तीला असे. खाऊ लुटावयास येणाऱ्या गल्लीतील पोराने काही घालून यावे वा घेऊन यावे, अशी अपेक्षाच नव्हती. आजच्या समारंभात नेमकी हीच गोष्ट उलटी झाली आहे.

केवळ खर्चाच्या नावाने ओरड करण्यात अर्थ नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगासमोरही, शेतकरी लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे बुडतो काय, हा प्रश्न होता. कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून या खर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष त्या आयोगाने चौकशीअंती काढला. गरिबाच्या आनंदाचा हिशेब मागणाऱ्या शहाण्यांनी तो वाचलेला बरा. तरीही हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, समारंभाला पंचवीस हजार रुपये लागले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे एका सायंकाळी जवळजवळ पावणेपाच क्विंटल सोयाबीन खर्ची पडले, आणि तेही हमीभाव खरोखरच पदरात पडला तर! पगारदाराला हा दोन-तीन महिन्यांचा ताण. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र एका एकराचे पीक.

पण यजमान निदान स्वखुशीने खर्च करतो. पाहुण्याचे काय? देणगी देणे, ती स्वीकारणे आणि तिची परतफेड करणे ही तिन्ही बंधनेच असतात, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले. आपल्याकडे तर वस्तूचे नावच ‘रिटर्न गिफ्ट’! तीस मुलांना बोलावले म्हणजे तीस घरांत भेटवस्तू आली, कित्येक घरांत त्या रंगाचा नवा सदरा वा झगा आला, आणि उद्या आपल्या मुलाच्या वाढदिवसाला तोडीस तोड काहीतरी करावयाची चिंता आली. यजमानाच्या वहीत या खर्चाची नोंद कोठेच नसते. ज्याचा भार निर्णय घेणाऱ्यावर पडत नाही तो खर्च नेहमीच वाढत जातो. कारखान्याच्या धुराला लागू पडणारा हा नियम वाढदिवसालाही लागू पडतो. ज्याला तो झेपत नाही त्या घरची आई मुलाला “पोट दुखते म्हणून सांग” असे शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात कोण गेले होते आणि कोण नव्हते, हे बाईंना न विचारताच कळते.

हौस करू नये, असे कोणी म्हणणार नाही. जंगलच हवे असेल तर पुठ्ठ्याचे मुखवटे यजमानाने दारातच द्यावेत, किंवा मुलांकडूनच तेथे रंगवून घ्यावेत. तास दीड तास त्यातच मजेत जाईल. निमंत्रणात ‘आहेर आणू नये’ ही लग्नपत्रिकेतील जुनी ओळ घालावी, आणि ती पाळावीही. आणखी एक वाट सरकारी शाळांत उपलब्ध आहे. शालेय पोषण आहाराच्या योजनेत, २०२१ पासून जिला ‘पीएम पोषण’ म्हणतात, तिथिभोजनाची तरतूद आहे. महाराष्ट्रात त्यालाच स्नेहभोजन म्हणतात. वाढदिवसानिमित्त कोणीही पालक वा गावकरी शाळेतील सगळ्या मुलांना गोडधोड वाढू शकतो. त्या पंगतीला वेष एकच, शाळेचा गणवेश. मुख्याध्यापकांना आधी भेटून दिवस तेवढा ठरवावा.